मालनकाकूंनी सोडलेली रिकामी जागा

मंगळवार, संध्याकाळ. विंझर.

मालनकाकूंनी आजही वहीतली ती जागा रिकामीच ठेवली. दोन महिने झाले, माझ्याकडं स्पॅनिश शिकायला येतायत. त्यांची लेक स्पेनमध्ये नर्स आहे, नात तिथंच वाढली, तिला मराठी येत नाही. म्हणून हा खटाटोप. एरवी प्रश्न विचारून जीव खातात. टेबल तिकडं बाईमाणूस कसं झालं? ‘तू’ कुणाला, ‘तुमी’ कुणाला? पण ‘माझ्या नवऱ्याचं नाव अमुक’ हे वाक्य आलं, की पुढची जागा रिकामी. मला वाटलं, क्रियापद अडतंय. तीनदा समजावलं. आज जरा चिडूनच विचारलं.

“वाक्य येतंय वो बाई. पन नाव कसं घिऊ? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. ते गेल्यावर बी न्हाई घेतलं. आता नात फोनवर इचारतीय, आजोबाचं नाव काय म्हून.”

“स्पॅनिशमध्ये घेतलं तर चालतं,” मी ठोकून दिलं. चालतं का? मला तरी काय माहीत!

काकूंनी दाराकडं पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि अख्खं वाक्य म्हणाल्या. शेवटी, अगदी हळू, “धोंडिबा.” मग वहीतली ती जागा स्वतःच भरली.

आत्ता सहज ही रोजनिशी मागं चाळली. अकरा वर्षांची पानं. हे पुण्याला गेले, ह्यांना ताप, हे रुसलेत. नाव एकदाही नाही.

आणि मी काकूंना क्रियापद समजावत होते.