एक भोक जास्त

९ जुलै १९७४
रिपोर्ट आला. नान्नांच्या जिभेच्या कडेचा फोड साधा नाही. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वडिलांना मिरजेला न्या, उशीर नको. अम्मानं दवाखान्याबाहेरच्या बाकावरच माझा हात धरला, 'त्यांना सांगायचं न्हाय. नुसता फोड हाय म्हन. माजी शपथ हाय तुला.' घेतली शपथ. जीवशास्त्र शिकवायचं आणि घरी बापाशी खोटं बोलायचं. छान चाललंय.
नान्ना तंबाखू आता दुसऱ्या गालात धरतात. म्हणे तिकडं झोंबत नाही.

१० जुलै
अकरावीला पेशीविभाजन. कांद्याच्या मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली. फळ्यावर: विभागण्याआधी डीएनएची नक्कल, म्हणून दोन्ही पेशींना तोच मजकूर. बोट कापलं की पेशी वाढतात, जखम भरली की थांबतात. शरीराचा तोल यावरच.
शबाना उठली, 'मॅडम, पेशींना थांब म्हणून कोण सांगतं?'
पुस्तकात याचा उल्लेखच नाही. उगाच तिच्यावर डाफरले. पोरीचा काय दोष? दिवसभर वाईट वाटत राहिलं.

१३ जुलै
नान्नांच्या हातून चूक झाली. आजवर नव्हती झाली. चादरीच्या कारखान्यात ते जॅकार्डचे पत्ते पाडतात. पुठ्ठ्याला जिथं भोक, मागावर तो धागा उचलतो, तशी नक्षी. पत्ते झिजले की नवे पाडायचे, तेही मूळ संचावरूनच, हा त्यांचा हट्ट. यंदा मूळ संच मालकानं दुसऱ्या शेडमध्ये नेलेला, म्हणून नकलेवरूनच नक्कल काढली. त्यात तोंड ठणकत होतं. एक भोक जास्त पडलं. चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या मानेवर लाल ठिपका. मागावरच्या माणसाला दिसलं, तरी गड्यानं माग थांबवला नाही. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपेपर्यंत तेच मोर.
नान्ना रागावले की तेलुगूच. संध्याकाळभर तेलुगू चालू होतं.

१५ जुलै
नान्नांना भात गिळवत नाही, पेजेवर आहेत. विचारलं, 'शाळंत काय शिकिवतीस सध्या?'
मी पण शहाणी. सांगत सुटले. शरीरातही पत्त्यांचा संच असतो, पेशी दोन व्हायच्या आधी त्याची नक्कल काढते, चुकलं तर बहुतेक वेळा आतल्या आत दुरुस्त होतं...
'आन् न्हाय झालं तर?'
मी पेजेची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.
'चुकीचा पत्ता, आन् माग थांबंना. असंच की?' बोट तोंडाकडं नेलं. 'मग हितं लई मोर झाले असतील.'
अम्मा चुलीपाशी पदर तोंडात घालून रडत होती. कॅन्सर हा शब्द मी काढला नाही. शपथ मोडली नाही म्हणायचं, पण मोडलीच. आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरलं, त्याचीच जास्त लाज वाटते.

१६ जुलै
उद्या सकाळच्या एसटीनं मिरज. पिशवी भरली.
नान्ना तो चुकलेला पत्ता घरी घेऊन आले. जास्तीच्या भोकावर खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवला, अंगठ्यानं दाबला, उजेडासमोर धरून पाहिला.
'आता पुढचे मोर नीट येतील. इनलेल्या चादरींचं काय करता येत न्हाय.'
मग माझ्याकडं न बघता, 'मिरजंच्या डॉक्टरकडं असला कागद असतो का गं?'
म्हटलं, विचारू.
पत्ता खिडकीत वाळत ठेवलाय. परत आल्यावर स्वतःच कारखान्यात नेऊन देणार, म्हणाले. कुणी हात लावायचा नाही.