स्लॅब चालू, वैर बंद

कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. थंडी पडू लागली आहे, आबांनी मफलर काढला आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं टाळायला रोज नवं कारण शोधतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण संघाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. म्हणून कागद घेतला. कागद अर्ध्यात ठेवता येतो, पण फोनसारखा कापता येत नाही.

स्लॅब ठेकेदार संघाला यंदा पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. पेपरातून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं कोण काम देणार? मजकूर शुक्रवारी छापखान्यात जायचा आहे. सगळा झालाय, एक ओळ सोडून. ती तुझी आहे. ती कशी लिहायची, की लिहायचीच नाही, हे मला तुझ्याकडून हवंय.

आधी बाकीचं ऐक, कारण मला फार मजा आली. संघ कसा जन्मला, हे मी सात-आठ म्हाताऱ्यांना विचारलं आणि तितक्याच गोष्टी मिळाल्या. एक म्हणाले, सिमेंट मिळत नव्हतं म्हणून एकत्र आलो. दुसरे म्हणाले, एका आर्किटेक्टला धडा शिकवायला. शेवटी आबांनी निकाल दिला : "सगळी खोटं बोलत्यात. माझा मिक्सर बंद पडला, म्हणून संघ झाला."

उचगावच्या साइटवर आबांचा स्लॅब निम्मा झाला होता आणि मिक्सर बसला. निम्मा स्लॅब सोडला तर जोड राहतो, जोडातून पाणी गळतं आणि ठेकेदाराचं नाव जातं. तेव्हा आबांशी बोलणंही टाकलेले दुसरे ठेकेदार, सोमलिंगकाका, स्वतःचा मिक्सर घेऊन आले. त्या रात्री जेवताना नियम ठरला : स्लॅब चालू झाला की वैर बंद. कुणाचंही मशीन अडलं, तर ज्याचं मोकळं असेल त्यानं पाठवायचं. भाडं घ्यायचं नाही, फक्त साइटवर जेवून जायचं. काकांच्या स्लॅबला मटणाऐवजी पुरणपोळी असायची. लिंगायताकडं मशीन पाठवलं की रस्सा बुडाला, म्हणून हळहळणारे अजून आहेत.

हा नियम मोडला म्हणून आजवर एकाच सभासदाला काढलं. अठ्ठ्याण्णव साली. काकांच्या फुलेवाडीच्या स्लॅबला मशीन पाठवलं नाही म्हणून. अध्यक्ष आबाच होते आणि बाप असून पहिला हात त्यांनीच वर केला. त्यानंतर इथं तुला कुणी घमेलंसुद्धा उसनं दिलं नाही आणि तू पुणं गाठलंस.

हल्लीचा अध्यक्ष सम्राट म्हणतो, "ताई, सुवर्णमहोत्सव हाय. भांडणं कशाला त्यात? ती ओळ काढा आणि फोटो मोठा करा की."

काढलीही असती. पण मला एक कळेना. सख्ख्या काकासारखा माणूस. ओळंबा धरायला तू त्याच्याकडं शिकलास. मशीन मोकळं असताना तू त्यालाच नाही म्हणालास? इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. घरात विषय नको म्हणून सगळे गप्प, त्यात मीही.

म्हणून मी नेसरीला मल्लव्वाकाकूंकडं गेले. सोमलिंगकाका गेल्यापासून त्या माहेरीच असतात. मी वही उघडायच्या आत म्हणाल्या, "बंद कर ती. तुझा अण्णा आलता की मिक्सर घिऊन."

मी म्हटलं, "काकू, दादा कुठं आला होता?"

"फुलेवाडीला. माणसं मागं शेडात जेवायला बसल्याली, मी वाढत हुतो. ह्यांनी त्याला स्लॅबखाली न्हेलं. जिमीन भरावाची, एका बाजूचं टेकू खाली गेल्यालं. आनि माल टाकला असता तर माणसांसकट खाली आलं असतं. हे त्याला म्हणाले, तम्मा, सोमलिंगाचं सेंटरिंग खचलं म्हणून गावात झालं तर मला कोण काम देणार? मिशिनच आलं न्हाय म्हणून सांगतो. तुझा अण्णा ट्रॅक्टर वळवून गेला."

मी विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलात? त्या म्हणाल्या, "मेल्याल्या माणसाचं नाव राखलं. जित्याचं घालवलं. आता बास. लिही."

दादा, तुला वाटलं असेल चार दिवसांत विषय मिटेल. सभेत आबा हात वर करतील, असं तुला वाटलं नसणार. की वाटलं होतं?

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते भडकले. "मग त्यो बोलला का न्हाय? तोंड नव्हतं?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता एकदम म्हणाले, "सोमाचं नाव खराब करू नगंस. भरावात कुणाचंबी टेकू खचतंय. त्यानं स्लॅब थांबवला, माणसं वाचली, त्ये लिही. पोराचं काय लिहायचं, त्ये पोरालाच इचारूया." त्यांच्या तोंडून 'पोरगा' हा शब्द मी सत्तावीस वर्षांनी ऐकला.

मी म्हटलं, पत्र लिहिते, उद्या टाकते. तर म्हणाले, पोस्टाचा काय भरवसा. मी म्हटलं, सम्राटची गाडी मागवते. म्हणाले, एसटीला काय धाड भरलीय?

तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल ते त्यांच्या हातून. मला बजावून सांगितलंय, "मी पोस्टमन म्हणून निघालोय. दुसरं काय बोलणार न्हाय." ते खोटं आहे. मल्लव्वाकाकूंनी काय सांगितलं ते त्यांना पाठ आहे, तरी ते तुला विचारणार आहेत. जिन्याचा दम उतरू दे, पाणी दे, मग जवळ बस. त्यांना लवकर विचारता येणार नाही. तू घाई करू नकोस आणि आधी सांगूनही टाकू नकोस. विचारू दे.

तुझी ओळ मी मोकळी ठेवली आहे. तुम्ही दोघं सांगाल तशी भरीन.

तुझी धाकटी,
संयोगिता