वाढत्या अंगाची बंडी

तीर्थस्वरूप ताई,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं कमी आणि नमस्कार जास्त, असं समजून घे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला थांबला का? तुझ्या वन्संची तब्येत उत्तम असणार, ती कायमच असते. तरी मी विचारलं म्हणून सांग. माझं म्हणशील तर मी खुशाल आहे. म्हणजे बसवत नाही, उभं राहवत नाही, मशीनवर पाय ठेवला की जीव दुसरीकडे धावतो, आणि काल एका पँटला दोन्ही तंगड्या डाव्याच लावून बसलो. बाकी खुशाल.

तुझं पत्र पोचलं. रविवारी तू वन्संना घेऊन येणार आणि त्या तक्क्याला कायमचा आपल्या बंगल्यावर नेणार, हे वाचून फार आनंद झाला. आपला भाचा परदेशी जाताना हे कुत्रं 'चार दिवस सांभाळ मामा' म्हणून माझ्याकडे टाकून गेला. (आपल्या घरात चार दिवस म्हणजे किती, हे तुला वेगळं सांगायला नको.) आता तो परत यायचं नाव काढत नाही, तेव्हा कुणीतरी न्यायलाच हवं. भाच्याने ठेवलेलं फ्रेंच नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून मी त्याला तक्क्या म्हणतो. जातच तशी आहे. तक्क्याला चार आखूड पाय जोडावेत, कान दुसऱ्याच कुणाच्या मापाचे लावावेत आणि नाकापाशी येईतो कापड संपावं, असा प्रकार. अजून वर्षाचाही नाही. पण न्यायच्या आधी वन्संना सगळं माहीत असावं, मागाहून बोल लागायला नको, म्हणून सविस्तर लिहितो.

तो घोरतो. जाड शिवणीवरून जुनी मशीन जावी तसा घोरतो, झोपेत आणि कधीकधी जागेपणीही. त्याला पोटाचा त्रास आहे, म्हणजे त्रास त्याला काही नाही, खोलीतल्या बाकीच्यांना आहे. परवा एक गिऱ्हाईक माप देता देता खिडकीकडे सरकत सरकत गेलं आणि छातीचं माप मला खिडकीतच घ्यावं लागलं. शिवाय तो खातो. माझा खुणा करायचा खडू खाल्ला, एक चप्पल खाल्ली, आणि दिवाणखान्यातला सोफा तर तू पाहून ये, आता त्यावर बसायचं की त्यात, हे बसणाऱ्याने ठरवायचं. वन्संच्या त्या पांढऱ्या सोफ्याची आठवण झाली की मी मनातल्या मनात नव्या खोळीचं कापड मोजायला लागतो. (थांब, आत काहीतरी वाजलं. बघून येतो. काही नाही, कूस बदलली त्याने.)

शिवाय त्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्याची हकीकत. एका वकीलसाहेबांचा कोट तयार होत आला होता. उजव्या खांद्याचं पॅड बसवलं, डावं टेबलाच्या कडेला ठेवलं, धागा घ्यायला वळलो आणि बघतो तर पॅड गायब. दुकान पालथं घातलं. काजं-बटणं करणाऱ्या मावशींना दोनदा उठवून त्यांच्या खुर्चीखाली पाहिलं. (त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.) तक्क्याही माझ्याबरोबर शोधत होता. कपाटाखाली नाक घालत होता, चिंध्या उकरत होता, इतक्या मनापासून शोधत होता की मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाण्याकडे पाठ फिरवली, मग ओकला, मग पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राहिला. खडू पचवणारा प्राणी दुधाला नाही म्हणाला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी टेप सोडून देऊन हातानेच त्याचं पोट चाचपलं. ताशासारखं ताठ लागलं.

त्याला उचलून तसाच दवाखान्यात पळालो. (पायात चपला दोन होत्या, पण जोड एक नव्हता.) डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या की पोट उघडावं लागेल, आजच. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगतो, कारण ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या नाकपुड्या बारीक, टाळूचा मागचा पडदा लांब. भूल दिली की बाकीच्यांपेक्षा धोका जास्त, आणि खरा धोका भूल उतरताना. तेव्हा श्वास अडकला तर अडकला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

मी म्हणालो, "शिंपी."

दुसरं काही सुचलंच नाही, ताई. बाईंनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि त्याला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर मला काही बसवेना. माझ्या कॉलरखाली सुई टोचलेली असतेच, ती हाताला लागली. समोरच्या पडद्याची दुमड उसवली होती, ती घातली. शेजारी एक आजोबा मांजर घेऊन बसले होते, त्यांच्या पिशवीचा बंद तुटायला आला होता, तो शिवला. मग आजोबांच्या बाहीचं बटण लोंबकळत होतं, ते मी त्यांना न विचारताच धरलं. ते बिचारे हात पुढे करून बसून राहिले. दर टाक्याला मी दाराकडे बघत होतो आणि दर टाका वाकडा पडत होता. घाबरलो होतो मी, ताई. नुसता घाबरून गेलो होतो. (म्हणजे परक्याची वस्तू, आपल्या हातून काही होऊ नये, एवढ्यासाठीच.)

शेवटी बाई बाहेर आल्या. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्यांनी घशातली नळी काढली नव्हती. मग स्वतःच डोकं हलवून, नळी नको म्हणून चघळायला लागला, तेव्हाच काढली. पॅड त्यांनी मला एका तसराळ्यात दाखवलं. उलटसुलट करून पाहिलं, पण त्याची शिवण कुठेही उसवलेली नव्हती. पोटात राहूनही नाही. एवढं एक तू भाऊजींना सांग, ते नेहमी म्हणतात मी कच्चं शिवतो.

दुसऱ्या दिवशी घरी आणला. सूचना अशा: थोडं थोडं मऊ खाणं, उड्या नाहीत, पलंग नाही, उकाडा नाही, दगदग नाही, आणि टाके चाटायचे नाहीत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. तो पलंगावर चढणार नाही म्हटल्यावर मीच खाली उतरलो, माझी कंबर त्यामुळेच धरली. कर्ण्याचं मात्र जमेना. आधीच नाक नावापुरतं, त्यात तो कर्णा वाडग्याच्या काठाला अडायचा आणि तोंड खाण्यापर्यंत पोचायचंच नाही. दाराच्या चौकटीत अडकला की जाग्यावर उभा राहून धापा टाकायचा. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, अंगाबरोबर बसणारी बंडी घातली तरी चालेल, पोट झाकलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, हे काम तुम्ही योग्य माणसाला सांगितलंत.

आणि इथे आपले बाबा आडवे आले. तुला आठवतंय ना, बाबांनी जन्मात आपल्याला मापाचा कपडा घातला नाही. 'वाढत्या अंगाचं शिवावं' हा त्यांचा मंत्र. तुझा शाळेचा फ्रॉक पहिलीत घोट्यापर्यंत होता आणि चौथीत कुठे अंगाला आला. माझ्या हातात तीच सवय मुरली आहे. कोटाच्या अस्तराचा चांगला मऊ तुकडा काढला, माप घेतलं, आणि मनात आलं, पोर वर्षाचंही नाही, अजून भरेल. चार बोटं सैल धरली. शिवणीत वाढ ठेवली. खाली दुमडही जास्त घातली, पुढे सोडता येईल म्हणून. घालून पाहिली तर काय सुरेख दिसली! मी मावशींना हाक मारून दाखवायला वळलो, एवढ्यात त्याने पुढचे दोन्ही पाय आत ओढून घेतले, बंडीच्या आत अख्खा फिरला, आणि परत पाहतो तर गळ्यातून शेपटाची बाजू बाहेर आणि आतून चाटल्याचा आवाज.

वरचा एक टाका निघाला. रक्त फार नव्हतं, पण मला तेवढं पुरलं. बंडीसकट उचलून पुन्हा दवाखान्यात. बाईंनी टाका घातला. (जरा लांब पडला, पण मी काही बोललो नाही.) मग ती बंडी हातात धरून, ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघा. याला आज बरं व्हायचंय."

ताई, मी त्या दिवशी घरी येऊन अगदी अंगाबरोबर बंडी शिवली, तसूभर वाढ न धरता. आपल्या घराण्यातला मापाचा पहिला कपडा एका कुत्र्याच्या अंगावर गेला. आता टाके सुकत आलेत, तो खातो, घोरतो, आणि वकीलसाहेब एका खांद्याने कोर्टात जाऊन आल्यामुळे माझ्यावर रागावलेले आहेत. असो. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार. रविवारी वाट पाहतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र वन्संना मोठ्यांदा वाचून दाखव. सोफ्याची जागा आली की जरा सावकाश वाच, पोटाच्या त्रासाचं दोनदा वाचलंस तरी चालेल. इथे पत्र संपलं म्हणून घडी घाल. पुढचं फक्त तुला.

आणखी ता. क. सोफ्याचा एकच कोपरा गेलाय, आणि तो आधीच फाटका होता. गिऱ्हाईक खिडकीकडे सरकलं ते उजेडासाठी. घोरतो ते खरं आहे. पण ऑपरेशनच्या दिवशी त्याला दवाखान्यात ठेवून घरी आलो, तर घरात इतकं शांत होतं की मी कापड न घालता मशीन चालवत बसलो.

आणखी एक. आत्ता लक्षात आलं की वन्सं मायाळू आहेत. ऑपरेशनचं ऐकून त्यांना कळवळा येईल आणि त्या रविवारची वाटही बघायच्या नाहीत. तेव्हा ऑपरेशन गाळ. मग पत्रात उरतं काय, मला कळत नाही. तू पत्र वाचूच नकोस, सरळ सांगून टाक की कुत्रं मिळणार नाही. ताई, मी आजवर तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही. तू म्हणालीस म्हणून दुकानात बसलो, तू नको म्हणालीस म्हणून त्या मुलीला नाही म्हणून आलो. या वेळी नाही ऐकणार. रागावायचं असेल तर रविवारी ये आणि पोटभर रागाव, पण एकटी ये, आणि जरा हळू बोल. माझ्यावर कुणी आवाज चढवला की तो मधे येऊन उभा राहतो, आणि बाईंनी त्याला अजून दगदग करायची नाही म्हणून सांगितलंय.