सोडून दिलेले उष्णमान

ठाणे, आश्विन शुद्ध ७, शके १८०९

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार. आईचे गुडघे सोडले तर आमच्याकडे सारे बरे आहे. कल्याणास पाऊस उघडला का? खोपटाकडच्या मळ्यातली वांगी आता येऊ लागली. आई भरली वांगी करते आणि तुझे नाव काढते. शाळेत मुले मला मास्तर म्हणतात. अजून दचकायला होते.

तुझे पत्र काल पोचले. दसऱ्याला मिठागराच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू होणार म्हणतोस. ‘रसायनाचे पुस्तक तुला पाठवतो, माझे डोके त्यातले नव्हे,’ असेही लिहितोस. पाठवू नकोस. कालपासून मी दोन कागद फाडले. हा तिसरा.

आधी एक गणित कर. तेरा ग्रॅम जस्त तेजाबात पुरते विरले, तर तीस डिग्रीवर हायड्रोजन किती लिटर? तू म्हणशील, पासष्ट ग्रॅम जस्ताला दोन ग्रॅम हायड्रोजन, म्हणून तेराला चार दशांश ग्रॅम, ग्रॅमला ११.२ लिटर, म्हणजे ४.४८. चूक. ११.२ हा आकडा शून्य डिग्रीचा, बर्फाच्या थंडीतला. वायू तापला की फुगतो. दाब तोच धरून ४.४८ ला ३०३ ने, म्हणजे २७३ अधिक तीसने, गुणायचे, २७३ ने भागायचे. पाचाला थोडे कमी.

हे कॉलेजात शिकवले तेव्हा तू हिवतापाने घरी होतास. परीक्षेला निघायचे त्या सकाळी तू आमच्याकडे मुक्कामाला होतास. आईने वाढलेला भात कालवता कालवता तू विचारलेस, "अरे बाळ, गणितात ते उष्णमान कशाला देतात रे?"

मी म्हणालो, "विलायती पुस्तकातून उतरवतात, तसंच राहून जातं. तू सोडून दे."

"बरं झालं विचारलं," म्हणालास आणि ताक मागितलेस.

मला ठाऊक होते, अण्णा. नीट ठाऊक होते. शाळेत मास्तराची जागा एक, अर्ज आपले दोघांचे, आणि तू माझ्याहून हुशार. याहून बरे कारण वर्षभर शोधतो आहे, सापडत नाही. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन तूच आलास. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "मी कच्चाच रे गणितात." मी पेढा खाल्ला. माझी मला किळस येते.

परीक्षेचे अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात, पुन्हा बस. हे पत्र तुझ्या वडिलांना दाखव, एरवी ते ऐकायचे नाहीत. मला शिव्या दे, माझे तोंड पाहू नकोस, शाळेला कळवायचे तर खुशाल कळव. मिठागर आवडत असेल तर जरूर जा. डोके नाही म्हणून मात्र जाऊ नकोस. तुझे डोके शाबूत आहे. तुला नापास केले ते मी.

खाली ‘तुझा’ लिहायला हात धजत नाही.

बाळ