इरी गेलेलं पीठ

अव्वा,

तुला सुकन्याचा दुरूनच शरणु शरणार्थ.

इथं जर्मनीत मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. अक्षर वाकडं दिसलं तर मनाला लावून घेऊ नको, पेन नवा हाय. तुझे गुडघे कसे हायत?

श्रीशैलला शर्टाच्या गुंड्या लावता येत न्हाईत, हे फोनवर कळलं. अण्णांचंही असंच हातापासून सुरू झालं, आणि ते गेले. दोन्ही वेळा तू त्याच्या बायकोचा, उज्ज्वलावहिनीचा पायगुण काढलास. आता तर तिला रेणापूरला माहेरी धाडलंस.

मी इथं ह्याच दुखण्यावर काम करते, म्हणून सांगते. आपल्या अंगात आरएनए नावाचा धागा असतो. त्याला ओळखून धरणारं एक प्रथिन असतं. ते त्या धाग्याच्या वळणानं वळलं तरच ओळख पटते. आपल्या घराण्यात ते वळतच न्हाई. जुन्या पिठाची इरी गेली, चिकटपणा सरला की भाकरी थापताना फाटते ना, तसं. मग ओळख चुकते आणि हाताच्या नसा सुकत जातात. हे अण्णांच्या रक्तातून आलंय. वहिनी तर परक्या घरची.

आता तिला बोलावू नको. येऊ नकोस म्हणून मीच तिला सांगितलंय. श्रीशैलला घास तू भरव, उठवून तूच बसव. गुडघे त्यासाठीच विचारले.

आणि पेन जुनाच हाय, अव्वा. दिवाळीपासून माझा अंगठा वळत न्हाई. इथं वहिनीचं पाऊल कधी पडलं न्हाई. आता कोणाचं नाव घेशील?

तुझ्याच पोटची,
सुकन्या