सासूबाईंच्या दोन खड्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, विधवा, अपत्य नाही, धंदा हिरे निवडण्याचा (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा अधू झाला आहे, पण उजव्याने मला हिरा आणि काच यांतला फरक अजून हातभरावरून कळतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याची हिंमत आजवर फक्त सासूबाईंनी केली, आणि त्यांना जाऊन चौतीस वर्षे झाली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात मात्र पुष्कळदा केले, आणि दरवेळी त्यातून एकाच बाईचे नाव खोडले. ती बाई म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारी माझी धाकटी जाऊ.

कोपऱ्यावरचे वकील म्हणाले, "काकू, थोडक्यात लिहा. कोणाला काय, एवढंच." मी म्हटले, "आणि का, ते कोण सांगणार? तुम्ही?" मग त्यांनी एक नियम सांगितला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला मिळायचे ते बुडते. हा नियम ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता. त्याच दुपारी मी जिन्यातून हाक मारली, "अगं, गुरुवारी वर ये जरा. एक सही हवी आहे."

"कशावर, ताई?"

"कागदावर."

"येते की," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारले नाही. हा तिचा स्वभाव. मला तो कधीच आवडला नाही. तर साक्षीदार क्रमांक दोन म्हणून ती सही करील आणि तिला काहीही मिळणार नाही, असे ठरवून मी पुढची कलमे लिहायला घेतली आहेत.

कलम १. घर. वरचा मजला माझ्या मालकीचा आहे. तो मी माझ्या पुतण्याला देत आहे. तो धाकटीचा मुलगा आहे, यात त्याचा दोष नाही. अट एकच, उत्तरेच्या खिडकीला पडदा लावू नये. हिरे पारखायला उत्तरेचा स्थिर उजेड लागतो, म्हणून वाटणीच्या वेळी या खिडकीसाठीच मी वरचा मजला मागून घेतला. खालच्या मजल्याला अंगण आहे आणि अंगणात दिवसभर ऊन. माणसे गप्पा मारायला अंगणात बसतात, खिडकीत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. गेली कित्येक वर्षे मी वरून फक्त हसणे ऐकते. कशाला हसतात ते ऐकू येत नाही.

कलम २. बँकेत जे काही आहे त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा, उरेल ते पुतण्याला द्यावे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. अवजारे. माझे भिंग, दोन चिमटे आणि जांभळा दिवा, कारखान्यात आता माझ्या खुर्चीवर जी बसते तिला द्यावीत. तिची नजर चांगली आहे असे सगळे म्हणतात. माझ्यासमोरही म्हणतात.

जांभळ्या दिव्याबद्दल इथेच लिहिते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. काही हिऱ्यांना एक खोड असते. उन्हातले जे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते अंगावर पडले की असा हिरा स्वतःच निळसर उजळतो. याला फ्लोरोसन्स म्हणतात. अंधारात जांभळा दिवा धरला की खोड असलेला हिरा निळा पेटतो, नसलेला काळाच राहतो. आता हिरा मुळात किंचित पिवळट असेल तर उन्हात ही निळाई त्याचा पिवळेपणा झाकते, पांढऱ्या कपड्याला नीळ द्यावी तशी, आणि खडा शुभ्र दिसतो. घरातल्या बल्बच्या उजेडात ते किरण जवळपास नसतातच. मग नीळ उतरते आणि पिवळेपणा वर येतो. एखादाच हिरा उन्हात शुभ्र दिसण्याऐवजी धुरकट, दुधाळ दिसतो, पण तसा विरळा. म्हणून आमच्याकडे हिऱ्यांच्या पुडीवर वजनाच्या शेजारी उजेड लिहायची रीत आहे: खिडकी, बल्ब, ट्यूब, जांभळा. चारही उजेडांत पाहिल्याशिवाय पुडी बंद करायची नाही. पस्तीस वर्षे मी नवशिक्यांना हेच घोकायला लावले. मी स्वतः एकदाच चुकले, आणि तेही घरी.

कलम ४. दोन खड्यांची हकिकत. सासूबाईंच्या कानात दोन खडे होते. शेवटच्या दुखण्यात त्यांनी ते काढून बशीत ठेवले आणि म्हणाल्या, "थोरली पारखी आहे. तिला आधी उचलू दे."

धाकटी दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. "मला काय कळतंय त्यातलं? ताई घेतील तो सोडून दुसरा माझा."

सकाळची वेळ होती. बशी मी याच खिडकीत आणली. दोन्ही खडे जवळजवळ सारखे, पण एक छटाभर जास्त पांढरा, अगदी धुतल्यासारखा. जांभळा दिवा कपाटात, चार पावलांवर होता. पण सासूबाईंच्या आणि तिच्या देखत दिवा आणायचा म्हणजे मला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही असे कबूल करायचे. मी नाही आणला. चिमट्याने पांढरा उचलला आणि म्हटले, "हा माझा."

दोघींनी अंगठ्या करून घेतल्या. पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बल्ब लागला आणि माझा खडा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा दिसू लागला. शेजारी तिचा हात. त्यातला खडा लख्ख पांढरा. मी खोलीत जाऊन दार लावले, जांभळा दिवा लावला आणि माझा खडा निळा पेटलेला पाहिला. पारख माझी आणि चांगला खडा तिचा. तोही न निवडता!

त्या काळी सगळे घर रात्रीचे एकत्र जेवायचे, त्याच बल्बखाली. दीर चेष्टेखोर. तो म्हणायचा, "काय वहिनी, पारखी तुम्ही आणि पाणीदार खडा आमच्या हिच्याकडे?" मी हसायचे. वरून हसायचे आणि आतून माझा नुसता तीळपापड व्हायचा. ती आपली हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "काहीतरीच काय हो तुमचं!" तिने हात मागे घेतला की मला आणखी राग यायचा. तीन वर्षे मी हे सोसले.

कलम ५. हे कलम मी माझ्या हयातीत कोणालाही वाचू देणार नाही. तीन वर्षांनी मी धाकटीला म्हटले, "तुझ्या अंगठीची पकड सैल वाटते. दे, कारखान्यात आवळून आणते." दोन्ही अंगठ्या घेऊन मी कोंदणकाराकडे गेले. हा माणूस दिवसाला पाच शब्द बोलायचा. त्याने दोन्ही अंगठ्या पाहिल्या.

"सैल नाहीत."

"तरी आवळा. आणि खडे..." मी बोटानेच इकडचा तिकडे दाखवला.

त्याने मान वर केली. "जाऊ?"

"हो."

"बरं."

एवढ्यावर काम झाले. संध्याकाळी मी तिला तिची अंगठी दिली. आत माझा पिवळट खडा, आणि तिचा पांढरा माझ्या बोटात. ती म्हणाली, "किती करता हो तुम्ही माझं!"

पुढचे ऐका. धाकटी शाळेत खेळ शिकवते. सकाळी सातपासून ती मैदानात, उन्हात, गळ्यात शिटी आणि एक हात वर. खडा बदलला त्याच आठवड्यात तिच्या हातावरून उन्हात निळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या. मुली तिला "चमकबाई" म्हणू लागल्या. आजही म्हणतात. तिच्या पहिल्या विद्यार्थिनींच्या मुलीसुद्धा म्हणतात! इकडे वर्षाच्या आत माझे यजमान गेले. एकत्र जेवणे बंद झाली. ज्या जेवणांसाठी मी हे पाप केले ती जेवणेच राहिली नाहीत. मी पांढरा खडा घालून बल्बखाली एकटी जेवू लागले. खडा बदलला, पण मिरवण्याचा उजेडही तिच्याकडेच गेला.

खड्यांची पुन्हा अदलाबदल करावी म्हणून मी कोंदणकाराकडे गेलेही होते. तो म्हणाला, "बाई, एकदा केलं. आता मी नाही करणार." त्याच्या तोंडून इतके लांब बोलणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

कलम ६. माझी अंगठी धाकटीला देऊ नये. ती कारखान्याला द्यावी, नवशिक्यांना बिनखोडीचा खडा कसा असतो ते दाखवायला. (हे कलम रद्द. का, ते पुढे लिहिले आहे. सही केली आहे.)

कलम ७. हे गुरुवारी लिहीत आहे. सकाळी कोंदणकार आला. साक्षीदार क्रमांक एक तो आहे. खडे बदलल्याचे माझ्याशिवाय माहीत असलेला तो एकटाच आहे. साक्षीदार असल्याने तुम्हाला काही देता येत नाही असे सांगितले तर म्हणाला, "बरं." मग धाकटी आली, शाळेतून तडक, गळ्यात शिटी तशीच. मी तिच्या हातात पेन दिले आणि सही कुठे करायची ते दाखवले. तिने पेन धरले आणि थांबली.

"ताई, आधी एक बोलू? असले कागद करायला घेतलेत म्हणजे... पुन्हा बोलायचं राहून जाईल."

"बोल."

तिने बोटातली अंगठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "यातला खडा तुमचा आहे ना?"

कोंदणकार छताकडे पाहू लागला.

"पकड आवळून आणलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मैदानावर हात वर केला आणि बघतच राहिले," ती म्हणाली. "आधीचा असा नव्हता. मला पारख नाही, पण स्वतःचा हात तर ओळखते मी! रात्री बल्बखाली पिवळट दिसतो, पण माझा दिवस तर उन्हातच जातो. घरी येऊन यांना सांगितलं, ताईंनी स्वतःचा चांगला खडा मला दिला, आणि बोलल्यासुद्धा नाहीत. त्या वर्षी माझं पहिलं बाळ गेलं होतं. मी हसायची बंद झाले होते. म्हणून दिलात, हे मला कळलं होतं. आभार मानले असते तर तुम्ही अवघडला असता, म्हणून एकतीस वर्षं गप्प बसले. आता परत घ्या. माझं मिरवून झालं."

ते बाळ. त्या वर्षी ते बाळ गेले हे माझ्या ध्यानातही नव्हते. मी तेव्हा फक्त तिच्या बोटाकडे पाहत होते, तिच्या तोंडाकडे नाही.

मी तोंड उघडले. देवाशपथ सांगते, खरे सांगायलाच उघडले. बाहेर आले ते असे: "राहू दे तुझ्याकडे."

तिने डोळे पुसले. आणि मला काय वाटले म्हणाल, तर हेवा वाटला. या वयात, त्या क्षणी! एकतीस वर्षे तिच्याजवळ एक थोरली जाऊ होती, जी स्वतःचे चांगले ते गुपचूप काढून देते आणि बोलूनही दाखवत नाही. तसली जाऊ मला नाही मिळाली, असे लिहिणार होते. मग आठवले, यजमान गेल्यापासून रोज सकाळी वर्तमानपत्र जिना चढून माझ्या दाराशी येते. ते काही स्वतःच्या पायांनी येत नाही.

मी तिच्या हातातून पेन काढून घेतले.

"काय झालं, ताई? चुकलं का माझं काही?"

"नाही. तुझी सही नको."

"आता बोलावलंत, आता नको?"

"नको म्हटलं ना. जा तू, ऊन आहे तोवर वाळवण आत घे." बाहेर ऊन नव्हते आणि वाळवणही नव्हते. ती माझ्याकडे बघत बघत जिना उतरली.

कलम ८. माझी अंगठी धाकट्या जाऊला द्यावी. कलम ३ मधला जांभळा दिवाही तिलाच द्यावा. कारखान्यातल्या बाईने नवा घ्यावा, तिला परवडतो. वकिलांनी कलम ४ आणि ५ तिला वाचून दाखवावीत, हळू वाचावीत, आणि दीर जवळ असेल तर त्याला मध्ये बोलू देऊ नये.

धाकटे, मग तू खिडकी बंद कर, हा दिवा लाव आणि दोन्ही बोटे त्याखाली धर. निळा पेटेल तो माझा. काळा राहील तो तुझा. तो मी तुझ्यासाठी बदलला नव्हता, तुझ्यापासून घेतला होता. दोन्ही तू ठेव. मैदानावर जाताना माझा घाल. माझ्याबद्दल काय ठरवायचे ते तू ठरव. एकतीस वर्षे तुला जी थोरली जाऊ दिसली ती मला आवडली, मी तशी असते तर बरे झाले असते. तोंडाने सांगायचे धैर्य मला झाले नाही, म्हणून सहीने सांगत आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

(सही) मृत्युपत्र करणारी, थोरली जाऊ

साक्षीदार क्रमांक १: कोंदणकार, निवृत्त. (सही) सही करताना तो म्हणाला, "बरं केलंत."

साक्षीदार क्रमांक २: धाकटी जाऊ. हे नाव खोडले आहे. खोडणारी मीच. (सही) त्याऐवजी शेजारचे शिंपी. (सही)

स्थळ: वरचा मजला, उत्तरेची खोली.
दिनांक: चौदा, गुरुवार.
उजेड: खिडकीत लिहिले, आभाळ भरलेले. संध्याकाळी बल्बखाली पुन्हा वाचले. मजकूर तोच आहे.