रविवारची मोगरी

पप्पा, तुमची मोगरी परवा स्वयंपाकघरातून बाहेर काढली. ती तिथं काय करत होती असं तुम्ही विचाराल, म्हणून आधी तेच सांगते. लग्न होऊन मी दौंडहून शिरूरला निघाले तेव्हा आईनं ट्रंकेत भांडी, चादरी, बायबल असं सगळं नीट रचून भरलं होतं, आणि झाकण लावायच्या वेळी तुम्ही बॅट ठोकायची ही बाभळीची लाकडी मोगरी वर आणून ठेवलीत. आई म्हणाली, "पोरीला काय नवऱ्याला धोपटायला देताय का ही?" तुम्ही म्हणालात, "असू दे. घोडनदीतबी पोरं खेळत असतील की." शिरूरला तुम्ही शेवटपर्यंत घोडनदीच म्हणालात. पोरं खेळत होती, पण माझ्याकडे कुणी बॅट घेऊन आलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही की मला बॅट ठोकता येते. त्यामुळे इतकी वर्षं तुमच्या मोगरीनं माझ्याकडे आलं-लसूण ठेचलं, दाण्याचं कूट केलं, सुकं खोबरं फोडलं. परवा ती हातात घेऊन जावईबापूंनी नंतर डोळे चोळले आणि अर्धा तास नळाखाली उभे राहिले. इतकी मिरची तिच्यात मुरली आहे.

तर मोगरी काढायचं कारण. तुमची पणती, म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, आठवीत आहे आणि क्रिकेट खेळते. इथे मुलींची टीम आहे, पप्पा, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आजवर ती टीमची बॅट वापरायची. ती बॅट तिला इतकी लांब की खाली आलेल्या चेंडूपर्यंत वेळेत पोचायचीच नाही. सरांनी सांगितलं, तुझ्या मापाची बॅट आण, मग रविवारी दौंडच्या मॅचला तुला घेतो. तिच्या वडिलांनी पुण्याहून कोरी बॅट आणली. गुरुवारी पोरगी ती घेऊन सरावाला गेली आणि संध्याकाळी परत आली ती सरळ न्हाणीघरात. भाकरी खायला बाहेर येईना. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, "आज्जी, पप्पाला सांगू नको." बॅट बादलीच्या मागे लपवलेली. खालच्या टोकाला, बरोबर मधून, चीर वर चढत गेलेली. नवा टणक चेंडू, पायाशी टाकलेला, आणि बॅट अजून ना तेल चाखलेली, ना एक ठोका खाल्लेली.

न सांगता थोडंच राहतंय. सणसवाडीहून कंपनीची बस आली, जावईबापू आत आले, आणि पोरीच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. ते म्हणाले, "पण मम्मी, तिच्यावर स्टिकर होता. रेडी टू प्ले."

मी म्हटलं, "चेंडूला वाचता येत नाही, जावईबापू."

ते कंपनीत मालाची तपासणी करतात. ते स्वतःच हसले. "मी तिथं दिवसभर लोकांना सांगतो, स्टिकर बघून माल आत घेऊ नका." मग उठले आणि ड्रॉवरमधून ती झटपट चिकटणारी ट्यूब घेऊन आले. मी त्यांचा हात धरला. जावयाचा हात मी असा कधी धरला नव्हता. पण मला तुमचाच आवाज ऐकू आला: चीर दिसली की आधी तिला विचारायचं, कुठवर गेलीस बाई.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा डोळ्यांसमोर आहे. तुम्ही कॅरेज खात्यातली ड्यूटी संपवून येता, हात घासता, तरी बोटांच्या रेषांत काळं वंगण उरतंच. कॉलनीच्या टीमच्या बॅटा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, जशा काही डॉक्टरकडे बसलेल्या बाया. मी गृहपाठ उरकून पाटावर बसते आणि तुम्ही एक बॅट माझ्या मांडीवर आडवी ठेवता. "कडंवर तिरकं मार. बुडाला सरळ मारलंस तर चीर आपणच पाडली म्हणून समज. आन् जोर वाढवायचा तो हळूहळू. न्हाईतर लाकूड घाबरतंय." मी ठोकते, तुम्ही डोळे मिटून ऐकता. आवाज बोदा आहे तोवर "अजून" म्हणता. एका संध्याकाळी काम होत नाही, आठवडाभर रोज थोडं थोडं. मग एकदाचा तो कोरडा, खणखणीत टक् येतो आणि तुम्ही आईला हाक मारता, "अगं ऐकलंस का, बोलली."

हे सगळं तुम्हाला उपजत येत नव्हतं हे मला आईनं सांगितलं. टीमची पहिली नवी बॅट तुमच्या हाती दिली तेव्हा तुम्ही ती जवसाच्या तेलाच्या डब्यात उभी करून ठेवलीत. दिवसभर आगगाडीच्या डब्यांच्या आसांना तेल पाजणारा माणूस, तुम्हाला वाटलं जितकं पोटात जाईल तितकं चाक हलकं फिरेल. दोन दिवसांनी बॅट बाहेर काढली ती फुगून जड झालेली. मैदानावर चेंडू लागला की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. शेजारचे गार्डमामा सगळ्या कॉलनीसमोर म्हणाले, "फिटर, ही बॅट हाय का उशी? पोरगं खेळायचं सोडून झोपंल हिच्यावर." तेव्हापासून तुमचं ठरलं: बॅटला तेल पाजायचं न्हाई, चाखवायचं. चमचाभर, फडक्यानं, आणि रात्रभर आडवी निजवायची, उभी नाही.

त्या तेलाचा वास माझ्या युनिफॉर्मला इतका लागला की सिस्टरनी मला वर्गात उभं केलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मराठी बोलायची मनाई, आणि जवसाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी नुसतीच "बॅट, सिस्टर, बॅट" म्हणत राहिले. त्यांना वाटलं घरात वटवाघूळ शिरलंय. सगळं उलगडल्यावर त्यांनी मला रागावून खाली बसवलं, आणि शाळा सुटल्यावर फाटकापाशी गाठून हळूच विचारलं, शाळेच्या बॅटीची मूठ सैल झालीय, तुझे वडील बघतील का. तुम्ही ती बसवून दिलीत आणि बदल्यात मला वर्षभर कुणी वासाबद्दल बोललं नाही.

शुक्रवारी मी पोरीला पाटावर बसवलं. ब्लेडचं टोक चिरेत हलकेच सरकवून बघितलं. खोल होती, पण आरपार नव्हती. सुतारी गोंद आणला होता. ट्यूबवाला गोंद काचेसारखा होतो आणि पुढच्या फटक्याला तडकतो, हा वाळल्यावरही लाकडाबरोबर थोडा लवतो. बॅट जराशी वाकवून चीर उघडी धरली, गोंद आत पार बुडापर्यंत जिरवला. जावईबापूंनी कंपनीतल्या मित्राकडून शिकंजा आणला होता. दोन्ही बाजूंना लाकडाच्या चकत्या लावून तो आवळला. पोरगी म्हणाली, "आज्जी, तुला हे कोणी शिकवलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तू कुठल्या टीममध्ये होतीस?" मी म्हटलं, व्हरांड्याच्या.

शनिवारी संध्याकाळी शिकंजा काढला, वाहून आलेला गोंद पॉलिश पेपरनं घासला, टोकाच्या वर मेणाचा दोरा गुंडाळला, बाकी अंगाला चमचाभर तेल चाखवलं आणि बॅट आडवी निजवली. आणि मग माझ्या लक्षात आलं. आता ठोकायची ती सकाळीच, आणि सकाळी रविवार. आठवडाभराचं काम तेवढ्यात व्हायचं नव्हतं, पण कडा तरी ठोकल्याशिवाय तिला मैदानात नेणं म्हणजे गुरुवारची चूक पुन्हा करणं.

रविवार प्रभूचा, त्या दिवशी तुमची मोगरी बंद असायची. टीम खेळायची रविवारीच, पण तुम्ही सकाळी चर्च, दुपारी कडक इस्त्रीच्या कपड्यांत मैदानाच्या कडेला, हातात शेंगा. एकदा टीमचा कॅप्टन चर्चच्या फाटकाशी उभा राहिला होता, चिरलेली बॅट बगलेत मारून. "मामा, दुपारी मॅच हाय. एवढी बांधून द्या." तुम्ही म्हणालात, "उद्या ये." तो म्हणाला, "उद्या बांधून काय तिची पूजा करू का, मामा?" तुम्ही हसलात, पण हात लावला नाहीत. दुपारी दुसऱ्याच षटकात बॅटीचा तुकडा उडून पंचांच्या पायाशी पडला, आणि त्या दिवशी शेंगा तुमच्या हातातच राहिल्या. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "देवापुढं बॅट काय मोठी न्हाई." आम्ही माना हलवल्या. मग वरण वाढून घेता घेता, कुणाकडेच न बघता, तुम्ही म्हणालात, "पण ती बॅट वाचली असती."

ते वाक्य मी कधी कुणाला सांगितलं नाही. परवा सकाळी मात्र ते माझ्या बाजूनं उभं राहिलं. चर्चची घंटा झाली तेव्हा मी अंगणात पाटावर होते, मांडीवर बॅट, हातात मोगरी. माझी मुलगी दारात येऊन म्हणाली, "मम्मी, आज?" मी ठोकत राहिले. कडा तिरक्या, बूड राखून, जोर हळूहळू. पोरगी डोळे मिटून समोर बसली होती. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आवाज बदलला तसे तिनं एकदम डोळे उघडले.

न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून आम्ही दौंडला पोचलो. मैदानाच्या कडेला मी तुमच्यासारखी शेंगा घेऊन बसले आणि मलाही त्या सोलता येईनात. सरांनी बॅट हातात घेतली, दोरा बघितला, पोरीकडे बघितलं आणि परत दिली. तिसराच चेंडू पायाशी आला. पोरीनं बॅट खाली दाबली आणि आवाज माझ्यापर्यंत आला, कोरडा, खणखणीत. मी उभी राहिले. शेंगा मांडीवरून सांडल्या. पुढे ती थोड्याच धावा करून धावबाद झाली, आम्ही मॅच हरलोही, पण परत येताना तिनं ना धावा सांगितल्या ना बाद कशी झाली ते. बॅटच्या टोकावर बोट फिरवत म्हणाली, "आज्जी, बोलली ना?"

हे कागद कुठे पाठवायचे ते मला माहीत नाही. जुना चेंडू मोज्यात घालून पोरीसाठी अंगणातल्या फांदीला टांगायचा आहे, त्या मोज्यात चेंडूभोवती गुंडाळून ठेवीन म्हणते. मोगरीला आता स्वयंपाकघर बंद, आलं मी किसून घेते. आणि एक राहिलं. काल पास्टर रस्त्यात भेटले. म्हणाले, "आजी, रविवारी दिसला नाहीत." मी गुडघा धरला आणि म्हटलं, फार दुखत होता हो. पप्पा, तो अजिबात दुखत नव्हता.